खातेउताऱ्यांतलें अनोळखी हॉटेल



वाण्याकडे वही असे त्या काळीं त्या वहींतली प्रत्येक ओळ घरच्या माणसांना वाचतां येत असे. ‘साखर पावशेर, चहाचा पुडा एक’ एवढें वाचलें कीं त्या दिवशीं कोण पाहुणे आले होते, सामान आणावयास कोणाला धाडलें होतें, हें सारें आठवे. आज बँकेकडून महिन्याच्या शेवटीं जो खातेउतारा येतो, त्यांतल्या ओळी आपल्याच व्यवहाराच्या असूनही परक्या वाटतात. त्यांत पुन्हां माणसाला सर्वांत अधिक बुचकळ्यांत टाकणारी ओळ म्हणजे उपाहारगृहाची. विजेचें बिल, विम्याचा हप्ता, घरपट्टी यांचीं नांवें ओळखीचीं असतात आणि रकमाही सुमारें ठरलेल्या असतात. बाहेरच्या खाण्यापिण्याचें तसें नाहीं. दर वेळीं ठिकाण निराळें, रक्कम निराळी, बरोबरचीं माणसें निराळीं. आणि उताऱ्यावर जें नांव उमटतें तें दारावरच्या पाटीवर पुष्कळदां नसतेंच. अशी एखादी रक्कम आपल्या नांवें पडलेली दिसली तर ती वाचावी कशी, ओळखावी कशी, आणि ओळखतां आली नाहीं तर काय करावें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असा प्रसंग येऊन गेला. वडील सेवानिवृत्त, मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं, आणि वडिलांच्या खात्यावरचें एक जादा कार्ड मुलाजवळ. उताऱ्यांत एका ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कंपनीच्या नांवानें १,१४० रुपये गेलेले दिसले. त्या कंपनीचें नांव घरांत कोणींच ऐकलेलें नव्हतें. मुलाला विचारलें, त्यानें नाकारलें. त्याचें नाकारणें वडिलांस खोटें वाटलें, आणि दोन दिवस घरांत कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आईला आठवलें कीं, लग्नाहून परत येतांना हमरस्त्यावर सर्वांचें जेवण झालें होतें, आणि तेथें कार्ड पुढें केलें होतें तें खुद्द वडिलांनींच. पाटीवर एक सुटसुटीत मराठी नांव होतें. कंपनीचें नांव अगदीं दुसरें होतें. पैसे बरोबर होते, जेवणही चांगलें झालें होतें. बिघडलें तें एवढेंच कीं, मुलगा दोन दिवस खोटा ठरला. आणि ही रक्कम कोणतीच बँक परत जमा करीत नाहीं.

हें असें कां होतें तें प्रथम पाहूं. उपाहारगृहाला बहुधा दोन नांवें असतात. एक पाटीवरचें, जें गिऱ्हाइकानें लक्षांत ठेवावयाचें. दुसरें कागदोपत्रीं, ज्या नांवानें बँकेंत खातें असतें व सरकारांत कर भरला जातो. डॉमिनोज हें नांव आपल्या मुलांच्या तोंडीं असतें. पण भारतांत तीं दुकानें चालविणारी कंपनी ज्युबिलंट फूडवर्क्स ही आहे. पश्चिम व दक्षिण भारतांत मॅकडोनल्ड्सचीं उपाहारगृहें हार्डकॅसल रेस्टॉरंट्स ही कंपनी चालविते. घरपोंच खाद्यपदार्थ मागवितांना तर हॉटेलचें नांव उताऱ्यावर येतच नाहीं. येतें तें मध्यस्थाचें. आणि त्या मध्यस्थांचींही नांवें बदलतात. स्विगीच्या कंपनीचें नांव २०२४ पर्यंत बंडल टेक्नॉलॉजीज असें होतें. झोमॅटोच्या कंपनीनें २०२५ सालीं इटर्नल हें नांव धारण केलें. जुना उतारा काढून पाहणाऱ्यास ‘बंडल’ हें नांव वाचून आपण हें कोणतें गांठोडें विकत घेतलें असा प्रश्न पडला, तर त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं.

मोठ्या कंपन्यांची ही गोष्ट झाली. आपल्या गल्लींतल्या खानावळीची याहून साधी, आणि म्हणूनच अधिक फसवी. खानावळीच्या पाटीवर एखाद्या देवीचें नांव असतें, गल्ल्यापाशीं चौकोनी क्यूआर चित्र चिकटविलेलें असतें, आणि तें चित्र जोडलेलें असतें मालकाच्या वैयक्तिक खात्याला. कित्येकदां मालकाच्या पत्नीच्या, भावाच्या अथवा जांवयाच्या खात्याला. उताऱ्यांत मग एका अनोळखी गृहस्थाचें किंवा बाईचें नांव येतें. ‘हे कोण, आणि यांना आपण १८० रुपये कशाबद्दल दिले?’ असा प्रश्न घरांत उभा राहतो. उत्तर असतें दोन राइसप्लेट. कांहीं ठिकाणीं हॉटेल एकानें दुसऱ्यास चालवावयास दिलेलें असतें. पाटी नवी रंगविली जाते, परंतु यंत्र जुन्याच मालकाच्या नांवावर राहतें.

नांव बदलण्याचें दुसरें कारण निव्वळ जागेचें आहे. कार्ड यंत्राला लावलें कीं एक संदेश हॉटेलच्या बँकेकडून निघून आपल्या बँकेपर्यंत जातो. या संदेशाचा सांचा आयएसओ ८५८३ या आंतरराष्ट्रीय ठरावानें बांधलेला आहे, आणि त्यांत दुकानाचें नांव व ठिकाण यांना मिळून इंग्रजी ४० अक्षरांची जागा दिलेली आहे. सामान्यतः त्यांतलीं २५ नांवाला, १३ गांवाला व २ देशाला. आपल्याकडे ‘श्री’पासून प्रारंभ करून ‘शुद्ध शाकाहारी भोजनालय व विश्रांतिगृह’ येथपर्यंत नांव रंगविण्याची चाल. त्याला २५ अक्षरें कोठून पुरणार? मग नांव मध्येंच तुटतें आणि तुटलेलें नांव निराळेंच वाटूं लागतें. गांवाचीही तीच कथा. तेथें जेवणाच्या जागेऐवजीं कंपनीच्या मुख्य कचेरीचें गांव घातलेलें असूं शकतें. दादरला बसून इडली खाल्ली आणि उताऱ्यांत बेंगळूरु आलें, म्हणून कोणी आपलें कार्ड घेऊन बेंगळूरुस गेला असें समजूं नये.

याच संदेशांत चार आंकड्यांचा एक संकेतही असतो. त्यावरून धंद्याचा प्रकार कळतो. ५८१२ म्हणजे बसून जेवण्याचें उपाहारगृह, ५८१४ म्हणजे झटपट खाद्यपदार्थांचें दुकान, ५८११ म्हणजे जेवणावळीचें काम घेणारे आणि ५८१३ म्हणजे मद्यगृह. हा आंकडा उताऱ्यावर सहसा छापीत नाहींत; परंतु बँकेला विचारलें तर सांगतां येतो, आणि नांव अगदींच परकें असेल तेव्हां हा धागा उपयोगीं पडतो. मात्र त्यावरून घरांत निवाडे करूं नयेत. ज्या हॉटेलांत मुलाबाळांसह जातां येतें, त्यालाही मद्याचा परवाना असला कीं ५८१३ चा शिक्का लागूं शकतो.

येथें थोडेंसें विषयांतर करतों. पैशांऐवजीं कार्ड पुढें करण्याच्या या पद्धतीचा प्रसार मुळांत जेवणाच्या टेबलापासूनच झाला. न्यूयॉर्क येथें १९५० सालीं डायनर्स क्लब ही संस्था निघाली. सभासदानें उपाहारगृहांत कार्ड दाखवावें, पावतीवर सही करावी आणि महिन्याचा हिशेब एकदम चुकता करावा, अशी तिची योजना होती. पुढें बरींच वर्षें कांहीं कार्डकंपन्या महिन्याच्या हिशेबाबरोबर सही केलेल्या पावत्यांच्या प्रतीही पाठवीत. आपलें अक्षर समोर असल्यावर शंकेला जागा कोठली? कागद महाग पडूं लागला तशी ती रीत मागें पडली, आणि पावतीच्या जागीं तीं ४० अक्षरें तेवढीं उरलीं.

आतां यूपीआयच्या ओळीकडे वळूं. २०१६ सालीं सुरू झालेली ही व्यवस्था आज चहाच्या टपरीपर्यंत पोंचली आहे, आणि उताऱ्यांतल्या लहान लहान रकमांचा भरणा मुख्यतः तिचाच. ही ओळ पाहतांना लांबलचक व विद्रूप दिसते, पण ती तुकड्यातुकड्यांनीं वाचली कीं बोलूं लागते. प्रथम ‘यूपीआय’ ही अक्षरें, पैसे गेले कीं आले याची खूण, मग बारा आंकड्यांचा एक क्रमांक, मग घेणाऱ्याचें नांव किंवा त्याचा तुकडा, त्याच्या बँकेची चार अक्षरें आणि पुष्कळदां त्याचा पत्ता. बँकेप्रमाणें हा क्रम थोडाफार मागेंपुढें होतो. यांत किंमत आहे ती त्या बारा आंकड्यांना. ज्या ॲपमधून पैसे दिले त्याच्या नोंदींत तोच क्रमांक असतो, आणि तेथें घेणाऱ्याचें पुरें नांव, दिवस, घटका व मिनिट सारें मिळतें. वेळ कळली म्हणजे बहुतेक कोडीं सुटतात. माणसाला नांव आठवत नाहीं. पण शनिवारीं रात्रीं सव्वानऊला आपण कोठें होतों तें आठवतें.

कार्डाच्या बाबतींत तारखेचा घोळ अधिक असतो. शनिवारीं रात्रीं जेवलों, आणि हिशेब मात्र मंगळवारच्या तारखेला लागला, असें होऊं शकतें. कारण रक्कम अडकवून ठेवणें हें एक काम व ती प्रत्यक्ष हॉटेलच्या बँकेनें मागून घेणें हें दुसरें. म्हणून मंगळवारीं आपण घरींच होतों, एवढ्यावरून व्यवहार खोटा ठरत नाहीं. अमेरिकेंत मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेल्या आईवडिलांना रकमेचाही घोळ दिसेल. तेथें वाढप्याला द्यावयाची बक्षिसी पुष्कळ ठिकाणीं कार्ड परत दिल्यानंतर गिऱ्हाईक पावतीवर लिहितें. त्यामुळें आरंभीं दिसलेली रक्कम थोडी आणि शेवटीं लागलेली अधिक, असें घडतें. शिवाय तेथल्या कित्येक नोंदींच्या आरंभीं ‘एसक्यू’ किंवा ‘टीएसटी’ अशीं अक्षरें व एक तारका असते. तीं स्क्वेअर व टोस्ट या पैसे वसूल करून देणाऱ्या कंपन्यांचीं आहेत. खरें नांव तारकेच्या पुढें. आपल्याकडे कार्ड घातल्यावर पिन मागितला जातो व रक्कम तेथेंच ठरते, तेव्हां नंतर ती वाढण्याचें कारण राहात नाहीं. मात्र ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम कार्ड नुसतें यंत्राजवळ धरून, पिनवांचून देतां येते. ही मर्यादा २०२१ च्या आरंभीं २,००० वरून वाढविण्यांत आली. घरांतल्या दुसऱ्या माणसानें कार्ड नेलें होतें काय, हा प्रश्न म्हणूनच आधीं विचारावा. मात्र तो चौकशीच्या स्वरांत विचारावा, उलटतपासणीच्या नव्हे.

रक्कम आठवते त्याहून थोडी अधिक दिसली तर करांचा हिशेब करून पहावा. साध्या उपाहारगृहांत वस्तु व सेवा कर ५ टक्के लागतो. मोठ्या निवासी हॉटेलांतल्या कांहीं भोजनगृहांत १८. ‘सेवाशुल्क’ म्हणून जी भर घातलेली असते ती मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें, असें शुल्क बिलांत आपोआप लावूं नये, असें फर्माविलें, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें फर्मान उचलून धरलें.

पावती जपून ठेवलेली असेल तर ओळख पटविण्याचें काम फारच सोपें आहे. कर घेणाऱ्या हॉटेलच्या पावतीवर पंधरा अक्षर-आंकड्यांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आंकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. त्यापुढचीं दहा अक्षरें म्हणजे मालकाचा पॅन. हा क्रमांक सरकारच्या जीएसटी संकेतस्थळावर घातला कीं कागदोपत्रीं नांव व व्यापारी नांव हीं दोन्हीं शेजारीं शेजारीं दिसतात. उताऱ्यांतलें परकें नांव आणि पाटीवरचें ओळखीचें नांव यांची सोयरीक तेथें जुळते. पावती हाताशीं नसेल तर त्या हॉटेलांत जाऊन किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारून, ‘तुमच्या यंत्रावर नांव काय येतें?’ एवढें विचारावें. पावत्या वर्षभर सांठविण्याची गरज नाहीं. उतारा येऊन ताडून पाहीपर्यंत त्या एका डब्यांत टाकल्या म्हणजे पुरे. पण त्यांवरची शाई उन्हाउबेनें उडते, म्हणून तो डबा स्वयंपाकघरांत ठेवूं नये.

एका गोष्टीची मात्र अत्यंत सावधगिरी बाळगली पाहिजे. नांव ओळखीचें नाहीं म्हणून पुष्कळ लोक तें इंटरनेटवर शोधतात, तेथें एखादा दूरध्वनि क्रमांक मिळतो आणि ते सरळ तो फिरवितात. भामट्यांनीं असे क्रमांक मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. पलीकडून अतिशय आर्जवी आवाज येतो: ‘चूक आमचीच झाली, साहेब, पैसे लगेच परत करतों, आपल्याकडे एक आंकडा येईल तेवढा सांगा,’ किंवा ‘हें चित्र स्कॅन करून पिन घाला.’ पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यासाठीं. ३०० रुपयांच्या शंकेपायीं खातें रिकामें झाल्याचीं उदाहरणें वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. बँकेशीं बोलावयाचें तर कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला क्रमांकच घ्यावा.

इतकें करूनही रक्कम ओळखीची ठरली नाहीं, तर मात्र एक दिवसही दवडूं नये. ‘एवढ्याशा रकमेसाठीं कोण बँकेंत खेटे घालणार?’ हा विचार मोठा घातक आहे. चोरलेल्या कार्डाचे आंकडे चालतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चोर प्रथम लहानशीच रक्कम काढून बघतो, आणि खाण्यापिण्याच्या सदरांत ती सहज खपून जाते. प्रथम कार्ड बंद करवावें. तें ॲपमधून किंवा दूरध्वनीवरून तात्काळ होतें. मग बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. फसवणूक उघड असेल तर १९३० या सरकारी क्रमांकावरही कळवावें.

रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ मध्यें याविषयीं जे नियम घालून दिले, त्यांचा गाभा प्रत्येक खातेदारानें ध्यानांत ठेवावा असा आहे. ग्राहकाची हयगय नसतां, आणि बँकेचाही दोष नसतां, त्रयस्थानें व्यवहार केला असेल, तर सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यावर कांहींच भार पडूं नये. चार ते सात दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत, साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागें १०,००० रुपयांपर्यंत. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणाप्रमाणें. कळविल्यापासून कामाच्या दहा दिवसांत ती रक्कम बँकेनें खात्यांत तात्पुरती जमा करावी, आणि ग्राहकच जबाबदार आहे हें सिद्ध करण्याचें ओझें बँकेवर असावें, असेंही त्यांत होतें. हे नियम वेळोवेळीं सुधारले जातात, म्हणून दिवसांचा नेमका हिशेब आपल्या बँकेकडून विचारून ठेवावा. ज्यानें स्वतःच पिन अथवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला, त्याला मात्र कळवीपर्यंतचें नुकसान सोसावें लागतें.

एकच रक्कम दोनदां गेली असेल तर प्रकार निराळा. यंत्र अडलें, ‘झालें नाहीं’ म्हणून वेटरनें पुन्हां कार्ड लावावयास सांगितलें, आणि दोन्हीं वेळां पैसे कापले गेले, हें सर्रास होतें. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानें अशी अडकलेली रक्कम कार्डाच्या किंवा यूपीआयच्या दुकानी व्यवहारांत पांच दिवसांच्या आंत आपोआप परत करण्याचा, व उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा दंडक घालून दिला. तेव्हां दुसरी ओळ पाहून लगेच हॉटेलवाल्याशीं हमरीतुमरीवर येण्याचें कारण नाहीं. पांच दिवस वाट पहावी व मग बँकेस लिहावें.

हॉटेलवाल्याचा उल्लेख आला म्हणून त्याचीही बाजू सांगतों. कार्डाचा व्यवहार आपला नाहीं असें आपण बँकेला कळविलें, कीं ती रक्कम हॉटेलच्या खात्यांतून मागें ओढली जाऊं शकते, आणि व्यवहार खरा होता हें त्याला मुदतींत पावती दाखवून सिद्ध करावें लागतें. मोठ्या कंपनीपाशीं त्यासाठीं स्वतंत्र कारकून असतो. खानावळवाला सकाळीं मंडईंत, दुपारीं शेगडीपाशीं आणि रात्रीं गल्ल्यावर. त्यानें तो कागद शोधावयाचा केव्हां? आपण पोटभर जेवून, नुसतें नांव ओळखीचें नाहीं म्हणून, त्याचे पैसे अडकवून ठेवणें बरें दिसत नाहीं. म्हणून तक्रारीपूर्वीं तास-दोन तास वेळ जुळविण्यांत घालवावे असें मी म्हणतों. तीन दिवसांच्या मुदतींत तेवढें सहज बसतें.

बँकेनें तीस दिवसांत उत्तर दिलें नाहीं, किंवा दिलेलें उत्तर पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. नोव्हेंबर २०२१ मध्यें निरनिराळे लोकपाल एकत्र करून ही व्यवस्था सबंध देशाला एक करण्यांत आली. अर्ज घरबसल्या करतां येतो, त्याला फी नाहीं, आणि वकील लावण्याचीही जरूर नाहीं. अर्जासोबत बँकेकडे केलेल्या पहिल्या तक्रारीचा क्रमांक व तारीख लागते. तेवढी मात्र उताऱ्याच्या कागदावरच, त्या ओळीशेजारीं, पेन्सिलीनें लिहून ठेवावी.